४,२९,४९,६७,२९७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या वाचायची कशी?

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दहा अंकी, विषम. अंकांची बेरीज ५९, म्हणजे तिला ३ ने भाग जात नाही, ९ ने तर नाहीच. शेवटी ७ असल्यामुळे ५ चाही प्रश्न मिटला.

दहा अंकी संख्या तर अब्जावधी आहेत. हिच्यातच असं काय?

अंकांकडे पाहून काहीच कळत नाही. २ ला २ ने गुणत जा. एकूण बत्तीस वेळा २ घेऊन गुणाकार केला, म्हणजे २ चा ३२ वा घात काढला, की ४,२९,४९,६७,२९६ येतात. त्यात १ मिळवला की आपली संख्या. पुढे हा घात मी २^३२ असा लिहीन, म्हणजे आपली संख्या २^३२ + १.

गणिताच्या इतिहासात ती ओळखली जाते ती एका फसलेल्या अंदाजामुळे. अंदाज करणारा माणूस होता सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती पिएर द फर्मा. फसलेल्या अंदाजांची गणितात वाण नाही. पण हा फसला ते लक्षात यायला सुमारे नव्वद वर्षं लागली, आणि पुरावा म्हणावा तर साध्या भागाकाराइतका सोपा होता. म्हणून ही गोष्ट मला अजून जुनी वाटत नाही.

फर्माचा अंदाज नेमका काय होता?

१६४० साली लिहिलेल्या पत्रांत त्याने या संख्या मांडल्या: ३, ५, १७, २५७, ६५,५३७, मग आपली ४,२९,४९,६७,२९७, आणि तिच्यापुढची वीस अंकी १८४४६७४४०७३७०९५५१६१७. प्रत्येक संख्या तयार होते ती आधीच्या संख्येतून १ वजा करून, उरलेल्याचा वर्ग करून, पुन्हा १ मिळवून. १६ चा वर्ग २५६, अधिक १, म्हणजे २५७. २५६ चा वर्ग ६५,५३६, अधिक १. आणि ६५,५३६ चा वर्ग अधिक १ म्हणजे आपली संख्या. यांना आज फर्मा संख्या म्हणतात. मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे ३ ही शून्यावी आणि आपली पाचवी.

या सगळ्याच मूळ संख्या आहेत, असं फर्माला वाटत होतं. पक्की सिद्धता आपल्याजवळ नाही, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं होतं. ते श्रेय त्याला द्यायला हवं. पहिल्या पाच खरोखरच मूळ आहेत. त्यांच्या लगेच पुढे, म्हणजे आपल्या संख्येपाशी, गाडी रुळावरून उतरली.

घातांकात ३२ च का? ३१ किंवा ३३ घेऊन १ मिळवला तर?

मग मूळ संख्या मिळण्याची आशाच नाही. घातांकाला १ सोडून एखादा विषम विभाजक असला, की अवयव आपोआप पडतात. उदाहरणार्थ २^१२ + १ = ४,०९७. बारामध्ये ३ हा विषम विभाजक आहे, म्हणून २^४ + १, म्हणजे १७, याने ४,०९७ ला भाग जातो: १७ × २४१. तसंच २^३१ + १ आणि २^३३ + १ या दोघांनाही ३ ने भाग जातो. ज्या घातांकाला असा विषम विभाजक नाही, तो स्वतः २ चाच घात असतो: १, २, ४, ८, १६, ३२. फर्मा संख्या अशा चाळणीतून उरलेल्या आहेत, त्यामुळे त्याला त्यांच्याबद्दल आशा वाटली यात नवल नाही.

मग ही मूळ संख्या नाही, तर अवयव कोणते?

६४१ × ६७,००,४१७. दोन्ही अवयव मूळ आहेत. ६७,००,४१७ ची ६०० पट ४,०२,०२,५०,२००, चाळीस पट २६,८०,१६,६८०, एक पट ६७,००,४१७. बेरीज करा, जुळते.

हे शोधलं कुणी?

लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितीने, १७३२ मध्ये. फर्माच्या या विधानाकडे त्याचं लक्ष वेधलं ते गोल्डबाख या दुसऱ्या गणितीने, १७२९ च्या डिसेंबरातल्या पत्रातून. (१७२९ म्हटलं की रामानुजन आठवतात, कारण ही संख्या त्यांच्या नावाने ओळखली जाते; पण इथे ते नुसतं साल आहे.) ऑयलर तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता आणि आरंभी या विषयात त्याला फारसा रस वाटला नव्हता. गोल्डबाखने चिकाटी सोडली नाही.

पुढे झेरा कोलबर्न नावाच्या, १८०४ मध्ये जन्मलेल्या अमेरिकन मुलाची कथा या संख्येला चिकटली. लंडनमध्ये त्याच्या तोंडी गणिताचे प्रयोग होत; वय आठ. ही संख्या समोर ठेवल्यावर त्याने मनातल्या मनात ६४१ × ६७,००,४१७ असं उत्तर दिलं, अशी नोंद आहे.

ऑयलरला ६४१ सापडले कसे? एकेक संख्येने भाग देत बसला का?

तसं केलं असतं तरी फार वेळ लागला नसता, हे आधी सांगतो. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. २ वगळून ३, ५, ७, ११ असं ओळीने भाग देत गेलं तर ११५ व्या भागाकारात बाकी शून्य येते. दोन-तीन दिवसांचं कंटाळवाणं काम, बस.

पण ऑयलरकडे वेगळी किल्ली होती. समजा प या मूळ संख्येने २^३२ + १ ला भाग जातो. मग प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), आणि तिचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १. म्हणजे २ चे घात करत गेलो तर १ ही बाकी पहिल्यांदा येते ती बरोबर ६४ व्या घाताला. आणि कुठल्याही विषम मूळ संख्येने भागल्यावर २ च्या (प − १) व्या घाताची बाकी १ असते. या दोन गोष्टी एकत्र बसायच्या तर ६४ ने (प − १) ला भाग गेलाच पाहिजे. म्हणजे प हा ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा.

अशा संख्या लिहून काढू: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांत मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते.

१८७८ मध्ये एदुआर लुका या फ्रेंच गणितीने ही चाळणी आणखी बारीक केली: प − १ ला ६४ नव्हे, १२८ ने भाग जातो. मग यादी उरते १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. पहिल्या चारांतली मूळ एकच, २५७, आणि ती स्वतःच फर्मा संख्या असल्याने बाद (का, ते खाली येईल). म्हणजे लुकाच्या नियमाने तपासायला घेतलेली पहिलीच संख्या ६४१. हे वाचून मला दर वेळी हसू येतं.

लांबलचक भागाकार न करता ६४१ ने भाग जातो हे दाखवता येतं का?

येतं, आणि या पानावरची माझी सर्वांत लाडकी गोष्ट हीच. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा:

६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ६२५ + १६

पहिल्या ओळीतून: ६४१ ने भागल्यावर ५ × २^७ ची बाकी −१. दोन्ही बाजूंचा चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या ओळीतून: ५^४ म्हणजे ६२५, आणि त्याची बाकी −१६, म्हणजे −२^४. ५^४ च्या जागी −२^४ घाला: −२^४ × २^२८, म्हणजेच −२^३२, याची बाकी १. म्हणून २^३२ ची बाकी −१, आणि २^३२ + १ ची बाकी शून्य. झालं. मोठी संख्या एकदाही लिहावी लागली नाही.

दुसरा अवयव ६७,००,४१७ हा मूळ आहे याची खात्री कशी?

त्याचं वर्गमूळ साधारण २,५८८. त्याहून मोठ्या विभाजकांचा विचार करायला नको. आणि त्याचा कुठलाही मूळ विभाजक आपल्या संख्येचाही विभाजक असणार, म्हणून १२८ ची पट अधिक १ ही अट त्यालाही लागू. २,५८८ च्या आत अशा मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. २५७ आधीच बाद. उरलेल्या चारांनी भागून पाहा. बाक्या येतात अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही. सत्तर लाखांच्या आसपासची संख्या चार भागाकारांत मूळ ठरली. पेन्सिल घेऊन हे एकदा कराच, दहा मिनिटांचं काम आहे.

फर्मासारख्या माणसाच्या हे नजरेतून सुटलं कसं?

मनातलं कोण सांगणार. पण गंमत अशी की ऑयलरच्या युक्तिवादाचा कणा, म्हणजे (प − १) व्या घाताची बाकी १ असते हा नियम, फर्माचाच. तोही त्याने १६४० सालीच पत्रात कळवला होता. ६४ ची चाळणी त्याच्या हाताशी होती. कुठेतरी भागाकारात चूक झाली असावी, असा माझा कयास.

त्याची आणखी एक प्रसिद्ध रीत इथे साफ आपटते. संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहायची आणि अवयव काढायचे, ही ती रीत. इथे उत्तर आहे ३३,५०,५२९ चा वर्ग वजा ३३,४९,८८८ चा वर्ग. फर्माच्या पद्धतीने वर्गमुळाच्या लगेच पुढून, ६५,५३७ पासून, एकेक संख्या तपासत जायचं तर ३२,८४,९९३ प्रयत्न लागतात. दोन अवयव जवळपास सारखे असतील तर ही रीत झटपट चालते. इथे एक तीन अंकी, दुसरा सात अंकी.

अवयव न शोधता, नुसती 'ही मूळ नाही' एवढीच खात्री करता येते का?

हो. आधार म्हणून ३ घ्या आणि त्याचा सलग वर्ग करत जा. दर वेळी आपल्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवा. बत्तीस वेळा वर्ग केल्यावर ३ चा ४,२९,४९,६७,२९६ वा घात होतो. संख्या मूळ असती तर बाकी १ यायला हवी होती. येते ३,०२,९०,२६,१६०. खेळ खलास, पण अवयवांबद्दल चकार शब्द नाही. १८७७ मध्ये पेपां याने फर्मा संख्यांसाठी याचंच धारदार रूप दिलं: एक वर्ग कमी करा, म्हणजे एकतीसच, बाकी −१ आली तरच संख्या मूळ.

मात्र आधार म्हणून २ घेतलात तर फसाल. २^३२ ची बाकी −१, तिचा वर्ग १, आणि पुढे कितीही वर्ग केले तरी १ च. म्हणजे २ च्या कसोटीला ही संख्या मूळ असल्याचं सोंग बेमालूम वठवते. अशा संख्यांना छद्ममूळ म्हणतात.

ही दोन वर्गांची बेरीज आहे ना?

एक बेरीज तर उघड दिसते: ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. पण दुसरीही आहे: ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग. ३,८७,६८,०५,६९६ आणि ४१,८१,६१,६०१ मिळवून पाहा. (२०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग. योगायोग, पण देखणा.)

मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत फार तर एकाच तऱ्हेने लिहिता येते. इथे दोन तऱ्हा मिळाल्या, म्हणजे संख्या मूळ नाही हे आणखी एका वाटेने ठरलं. शिवाय ही वाट अवयवांपर्यंत नेते. ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८. दोघांचा मसावि ८. भागून उरतात ४०९ आणि २,५५६. या दोघांच्या वर्गांची बेरीज? ६७,००,४१७.

विभाजक किती, त्यांची बेरीज किती?

चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. बेरीज ४,३०,१६,६८,३५६. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या ४,२८,८२,६६,२४०.

द्विमान पद्धतीत ती कशी दिसते?

१, मग एकतीस शून्ये, मग १. उलटसुलट सारखीच.

संगणकवाल्यांना हा आकडा ओळखीचा का वाटतो?

शेजारच्या दोघांमुळे. ३२ बिटांत (बिट म्हणजे द्विमान पद्धतीतला एक अंक, ० किंवा १) चिन्हाशिवाय मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. पुढच्या ४,२९,४९,६७,२९६ इतके इंटरनेटचे चौथ्या आवृत्तीचे पत्ते. आपली संख्या ३२ बिटांत मावतच नाही. कोंबलीत तर वरचा १ गळून पडतो आणि हाती राहतो नुसता १.

यातून एक खरी उपयोगाची गोष्ट निघते. ४,२९,४९,६७,२९६ पेक्षा लहान कुठल्याही संख्येला ६४१ ने भागायचं आहे? तिला ६७,००,४१७ ने गुणा आणि गुणाकाराचे खालचे ३२ बिट टाकून द्या. उरेल तो बरोबर भागाकार, बाकी वगळून. संगणकाला भागाकारापेक्षा गुणाकार स्वस्त पडतो, म्हणून अशा युक्त्यांना मोल आहे.

आधीच्या फर्मा संख्यांशी हिचं नातं काय?

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ हा गुणाकार करा. येतात ४,२९,४९,६७,२९५. आपल्या संख्येहून बरोबर दोनने कमी. म्हणून या पाचांपैकी कुठल्याही संख्येने आपल्या संख्येला भागलं तर बाकी २ उरते. वर २५७ ला बाद केलं ते या जोरावर.

हेच नातं सगळ्या फर्मा संख्यांना लागू आहे, त्यामुळे कुठल्याही दोघींत सामाईक अवयव नसतो. प्रत्येकीचे मूळ अवयव वेगळे, आणि फर्मा संख्या अनंत. म्हणून मूळ संख्याही अनंत. गोल्डबाखने सामाईक अवयव नसण्याची ही गोष्ट १७३० मध्ये ऑयलरला कळवली होती.

भूमितीत हिचं नाव का येतं?

१७९६ मध्ये अठराव्या वर्षी गाऊस या जर्मन गणितीने दाखवलं की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज नुसती पट्टी आणि कंपास घेऊन काढता येतो. बाजूंची संख्या विषम असेल तर नियम असा: ती एक फर्मा मूळ संख्या असावी किंवा वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असावी. याउलट, बाकीचे बहुभुज काढता येत नाहीत, याची पूर्ण सिद्धता वाँत्सेलने १८३७ मध्ये दिली.

ज्ञात फर्मा मूळ संख्या पाच, त्यामुळे असे विषम बहुभुज एकतीसच माहीत आहेत. त्यांतला सर्वांत मोठा ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा. दोन बाजू वाढवून आपल्या संख्येइतक्या करा, की बहुभुज काढणं अशक्य. अर्थात डोळ्यांना दोन्ही वर्तुळच दिसणार.

६४१ मध्ये एकट्यात काही विशेष आहे का?

१ भागिले ६४१ दशांशात काढा. ३२ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो. त्या गटाचे पहिले सोळा अंक आणि पुढचे सोळा अंक यांची बेरीज केली की सोळा नऊ येतात. कारण ६४१ ने १०^१६ + १ लाही भाग जातो. २ च्या जगात ३२, १० च्या जगात १६. यामागे काही गूढ आहे असं मला वाटत नाही.

हिच्यानंतर तरी एखादी फर्मा मूळ संख्या मिळाली का?

एकही नाही. पुढची वीस अंकी संख्या २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१ अशी फुटते. हे अवयव लांद्री याने १८८० मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी प्रसिद्ध केले. सातवी फोडायला १९७० उजाडलं, आठवीला १९८०, नववीला १९९०. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंतच्या सगळ्या संयुक्त असल्याचं ठरलेलं आहे, आणि त्यांतल्या विसाव्या व चोविसाव्या संख्येचा तर एकही अवयव अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. पेपांच्या कसोटीने त्या मूळ नाहीत एवढंच कळलं.

तेहतिसाव्या संख्येचं काय, हे ठरलेलं नाही. ती लिहायची तर अडीचशे कोटींहून जास्त अंक लागतील. कसोटी तीच, ३ चे सलग वर्ग. फक्त इथे वर्ग बत्तीस नाहीत, आठशे अठ्ठावन्न कोटींहून जास्त करावे लागतात.